बर्गन: प्रवेशद्वाराचं गाव

युरोपच्या सहलींचे छापील कार्यक्रम पाहिले, तर नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या वाट्याला बहुधा एकच रात्र आलेली असते. दुपारी पोहोचायचं, बंदरावरच्या रंगीत लाकडी घरांसमोर फोटो काढायचे, टेकडीवर जाऊन यायचं आणि सकाळी उठून फियोर्ड बघायला निघायचं. बर्गन स्वतःची जाहिरातही ‘फियोर्डचं प्रवेशद्वार’ अशीच करतं. आम्हा पनवेलकरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. कोकणात, गोव्याला, पुण्याला जाणारी निम्मी दुनिया पनवेलवरून जाते, चहा पिते, गाडीत सीएनजी भरते आणि पुढे सटकते. इथे मुद्दाम उतरून बघावं असं काही असेल, हे तिच्या मनातही येत नाही. नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीत आयुष्याचा मोठा भाग काढल्यावर मला अशा वाटेवरच्या गावांबद्दल जरा आपुलकीच वाटायला लागली आहे. म्हणून आम्ही उलटं केलं. मुक्काम बर्गनला ठोकला आणि फियोर्ड एका दिवसात उरकला.

नवऱ्याची सगळी नोकरी न्हावा-शेवा बंदरात गेलेली. बंदर म्हटलं की क्रेन, कंटेनर आणि ट्रेलरची रांग, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येतं. बर्गनच्या जुन्या गोदीवर उभा राहून तो पहिल्यांदा म्हणाला, “अगं, इथे काम कुठे चालतं?” प्रश्न रास्त होता. मालवाहतूक आता शहराच्या मध्यातून बरीचशी बाजूला गेली आहे आणि जुन्या धक्क्याला शिडाची जहाजं, प्रवासी बोटी आणि समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी अवजड जहाजं लागलेली दिसतात. पण हे शहर उभं राहिलं ते कामावरच, आणि ते काम कसलं होतं हे कळलं की बर्गनचं सगळं कोडं सुटतं. ते काम होतं सुक्या मासळीचं.

त्याआधी पोहोचण्याबद्दल. मुंबईहून बर्गनला थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावं लागतं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्हिसाच्या क्षेत्रात आहे. व्हिसाचं शुल्क ९० युरो आणि उन्हाळ्याच्या तारखा मिळवायच्या तर अर्ज बराच आधी करायला हवा. विमानतळाबाहेर पडलं की समोरच ट्राम मिळते. ती पाऊण तासात थेट शहराच्या मध्यावर आणून सोडते, त्यामुळे टॅक्सीच्या नादाला लागायचं कारण नाही. टॅक्सीचं भाडं ऐकून तसंही कुणी लागणार नाही.

आणि पाऊस. बर्गनचा पाऊस युरोपभर प्रसिद्ध आहे. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर. आमच्या पनवेलचा पाऊस तीन हजारांच्या घरात जातो, पण तो जूनमध्ये येतो, चार महिने कोसळतो आणि दसऱ्याच्या आसपास तोंड काळं करतो. बर्गनचा पाऊस वर्षभर पुरवून पुरवून पडतो. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीपासून तिथे सलग ८५ दिवस रोज पाऊस पडल्याची नोंद आहे. कारण मात्र आपल्याकडचंच. समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं खाली टाकतात. आपल्याकडे हे काम सह्याद्री करतो, तिथे शहराला वेढून बसलेले सात डोंगर. छत्रीचा तिथे फारसा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. गावातली माणसं रेनकोट घालून शांतपणे चालत असतात आणि छत्रीशी झोंबणारा तो हमखास पर्यटक.

शहर ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तरी बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. अटलांटिकमधला उबदार प्रवाह किनाऱ्यालगत येतो, त्याची ही कृपा. बाराही महिने उघडं राहणारं, डोंगरांच्या आडोशाचं बंदर म्हटल्यावर व्यापारी येणारच. शहराची स्थापना १०७० च्या सुमारास ओलाव क्यिरे या राजाने केली असं परंपरा सांगते. तेराव्या शतकात ते नॉर्वेच्या राजांचं मुख्य ठाणं होतं. आज लोकवस्ती तीन लाखांच्या जवळ आहे आणि देशातलं ते दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे.

ब्रिगेन म्हणजे जुना धक्का. फोटोतली ती लाल, पिवळी, पांढरी त्रिकोणी छपरांची घरं हीच. फोटोवरून ती राहती घरं वाटतात. प्रत्यक्षात ती गोदामं आणि पेढ्या. दर्शनी भिंतीत दुकानं आहेत, तिथे लोकरीचे स्वेटर आणि ट्रोल नावाच्या राक्षसांच्या बाहुल्या मिळतात. तिथे वेळ घालवू नये. दोन घरांमधल्या बोळात शिरावं. खाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना काळवंडलेल्या लाकडाच्या भिंती, वरच्या मजल्याच्या सज्जांनी झाकून टाकलेलं आभाळ. माल वर चढवायच्या कप्प्या अजून जागेवर आहेत. एकही भिंत ओळंब्यात नाही. एक घर डावीकडे कललेलं, शेजारचं त्याच्या खांद्यावर रेललेलं, दाराच्या चौकटी तिरक्या झाल्या म्हणून दारंच तिरकी तासून बसवलेली. पाऊस पडून गेला की जुन्या लाकडाचा आणि डांबराचा वास बोळभर भरून राहतो.

१३६० च्या सुमारास इथे हॅन्सा या जर्मन व्यापारी संघाने आपली मोठी पेढी थाटली. लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन अशा त्यांच्या परदेशातल्या चार मुख्य पेढ्या होत्या. बर्गनची पेढी जवळजवळ चारशे वर्षं चालली. इथे राहणारे सगळे पुरुष. लग्न करायला बंदी, गावातल्या बायकांशी संबंधाला बंदी, आणि आगीच्या भीतीने या लाकडी गोदामांत चूल किंवा शेकोटी पेटवायलाही बंदी. बर्गनच्या हिवाळ्यात! स्वयंपाक आणि ऊब यांची सोय मागच्या बाजूला, वेगळ्या बांधलेल्या सभागृहांत. उमेदवारी करणारी पोरं कपाटासारख्या बंद होणाऱ्या खणांत झोपत. नव्या पोरांची ‘परीक्षा’ घ्यायचे जे खेळ चालत, त्यांतला एक म्हणजे पोराला दोरीने धुराड्यात वर टांगायचं आणि धुरात घुसमटत असताना प्रश्न विचारायचे. आपल्याकडच्या वसतिगृहांतल्या रॅगिंगला फार जुनी परंपरा आहे म्हणायची.

एवढी काळजी घेऊनही धक्का पुन्हा पुन्हा जळाला. १७०२ च्या आगीत जवळपास सगळा गेला. आज दिसतात ती घरं त्यानंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेली. १९५५ मध्ये परत मोठी आग लागली आणि उरलेल्यातलाही बराच भाग खाक झाला. सगळं पाडून नवं बांधावं असं म्हणणारे तेव्हा तिथेही होते. पण जळालेल्या जागेवर उत्खनन सुरू झालं आणि मातीखालून गावाचा आठशे वर्षांचा संसारच वर आला. साठएक इमारती वाचल्या. १९७९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

उत्खननाच्या जागेवरच संग्रहालय आहे. तिथल्या लाकडाच्या काटक्यांपुढे मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. बोटभर रुंदीच्या काटक्यांवर चाकूने रून लिपीत मजकूर कोरलेला. अशा सहाशेहून अधिक कोरीव तुकड्यांचा साठा ब्रिगेनच्या मातीतून निघाला. त्याआधी रून लिपी म्हणजे राजेरजवाड्यांच्या आणि मेलेल्या वीरांच्या शिळा, अशी समजूत होती. इथे निघाल्या त्या मालाच्या गठ्ठ्याला बांधायच्या चिठ्ठ्या, ‘हा माल अमक्याचा’ एवढंच सांगणाऱ्या. उधारीच्या गोष्टी, प्रेमाच्या गोष्टी, चावट गोष्टी. एका काटकीवर गीडा नावाच्या बाईने निरोप धाडला आहे: घरी ये. तो बहुधा गुत्त्यात बसलेल्या नवऱ्यासाठी असावा, असं अभ्यासक म्हणतात. दुसऱ्या बाजूला कुणीतरी उत्तर खरडायचा प्रयत्न केलाय, पण ते लागत नाही. लिहिणाऱ्याचा हात स्थिर नसावा, हा माझा तर्क.

पावसाच्या या गावात ब्रिगेनला धोका कशाचा असेल, तर खालची जमीन कोरडी पडण्याचा. लाकूड पाण्याखाली हवेविना शेकडो वर्षं टिकतं. पाणी उतरलं आणि हवा लागली की कुजतं. १९५५ ला जळालेल्या भागात पुढे तळघरासकट मोठं हॉटेल झालं आणि त्याच्या पायाशी भूजल झिरपून जायला लागलं. शेजारची घरं खचू लागली. मग काही वर्षं मोजमापं घेऊन पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायची व्यवस्था केली आणि पाण्याची पातळी पुन्हा वर आणली. हे वाचताना मला पनवेलची तळी आठवली. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे. आमच्याकडे तळ्याचं सुशोभीकरण होतं तेव्हा पहिल्यांदा कठडा आणि दिवे येतात. पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं, याचा फलक अजून तरी मी पाहिलेला नाही.

आता मासळी. बर्गनपासून समुद्रमार्गाने बरंच उत्तरेला लोफोटेन बेटं आहेत. हिवाळ्यात तिथे कॉड मासा अंडी घालायला झुंडीने येतो. मासे साफ करायचे, डोकी उडवायची, दोन-दोन शेपट्यांना बांधून जोड्या करायच्या आणि लाकडी मांडवांवर उघड्यावर टांगायच्या. मीठ नाही, धूर नाही. फेब्रुवारी ते मे गोठणबिंदूच्या आसपासची थंडी आणि समुद्राचा वारा एवढ्यावर मासा सुकतो आणि पाच किलोचा एक किलो होतो. पुढे वर्षानुवर्षं टिकतो.

हे सगळं ऐकताना मी मान डोलावत होते. आमच्या किनाऱ्यावर, उरणच्या करंज्यापासून उत्तनपर्यंत, बोंबील असेच जोडीने टांगतात. फक्त शेपटीने नाही, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, बांबूच्या वलांडीवर. बोंबलाला आपलं ऊन दोन-तीन दिवसांत सुकवतं; कॉडला तिथली थंडी तीन महिने लावते. हेतू मात्र एकच. दर्या बंद असताना घरात खायला काहीतरी हवं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात आगोटीची बेगमी. पनवेलच्या कोळीवाड्याकडे, मासळी बाजारात त्या दिवसांत सुकट, सोडे, जवळा, वाकट्यांचे ढीग लागतात आणि आगरी-कोळी बायका हातात बोंबील धरून वाकवून बघतात. बोंबील लवचीक नको, कडकच हवा.

लोफोटेनच्या लोकांना मासळी भरपूर होती, पण त्या थंडीत धान्य पिकत नव्हतं. जर्मन व्यापाऱ्यांकडे राय आणि पीठ होतं. शिवाय कॅथलिक युरोपात उपासाचे दिवस पुष्कळ आणि त्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालतो. म्हणजे मागणी देवाच्याच नावाने बांधलेली. उत्तरेचे मच्छीमार येक्ट नावाच्या एकशिडी मालवाहू गलबतांतून सुकी मासळी घेऊन बर्गनला यायचे आणि धान्य घेऊन परतायचे. रोखीचा व्यवहार कमीच. व्यापारी पुढच्या हंगामाची उचल द्यायचा, ती कधी पुरती फिटायची नाही, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायचा नाही. रायगडच्या कुठल्याही बंदरावर एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला हे सांगा, तो तुम्हाला वाक्य पुरं करू देणार नाही.

शहराच्या उत्तरेला सांद्विकेन भागात जुन्या गोदामांतच मासेमारीचं संग्रहालय आहे. पर्यटकांची झुंड तिथवर पोहोचत नाही. सुक्या मासळीची प्रतवारी कशी करतात हे तिथे पाहावं. वीसएक प्रती आहेत आणि त्यांची बरीचशी नावं इटालियन, कारण सर्वांत चांगला माल आजही इटलीला जातो. हलका माल आणि सुकवलेली डोकी नायजेरियाला. मी एक मासा हातात घेऊन पाहिला. बोटाने टकटक केलं तर खणखणीत लाकूड. तो खायचा तर आधी हातोड्याने ठोकायचा, मग आठवडाभर पाणी बदलत भिजत घालायचा. आपला बोंबील अर्ध्या तासात कालवणात पडतो, हे मी तिथल्या बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग तो किती वर्षं टिकतो?” तिथे मला गप्प बसावं लागलं.

पनवेलही बंदरच होतं. मुंबईहून पुण्याला जाणारी माणसं आणि माल पडावातून, मचव्यातून पनवेल बंदरात उतरत आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढत. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता झाला तेव्हा या बंदराचे दिवस आणखी पालटले. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली आणि पनवेलवरून वळसा घेण्याचं कारणच उरलं नाही. पुढे खाडी गाळाने भरत गेली. ज्या बंदराने गाव वाढवलं, त्याची एक फळी किंवा एक कप्पी कुठे जपून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

बर्गनमध्ये माझ्या मनात सर्वांत खोल रुतून बसलेली जागा मात्र बंदरावर नाही. रेल्वे स्टेशनपासून चार पावलांवर संत योर्गन रुग्णालय आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे कुष्ठरोग्यांना ठेवत. आजची लाकडी इमारत १७०२ च्या आगीनंतरची. मध्ये एक लांब दालन, दोन्ही बाजूंना आणि वरच्या सज्जात चिमुकल्या खोल्यांच्या रांगा, एकेका खोलीत दोन माणसं. दोन खाटा, मध्ये उभं राहण्यापुरती जागा. त्या खोल्यांत माणसांनी पन्नास-पन्नास वर्षं काढली. शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये इथेच वारले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नॉर्वेत तीन हजारांच्या आसपास कुष्ठरोगी होते, बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरचे गरीब शेतकरी आणि मच्छीमार. बर्गनमध्ये त्यांच्यासाठी तीन रुग्णालयं होती. १८५६ पासून देशातल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही ठेवली गेली. राष्ट्रीय पातळीवरची रोगनोंदणी जगात इथून सुरू झाली असं मानतात. त्या काळचे मोठे तज्ज्ञ डॅनियल डॅनियलसेन यांची खात्री होती की रोग आनुवंशिक आहे. तो लागट नाही हे दाखवायला त्यांनी रुग्णाच्या गाठीतला स्राव स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झालं नाही. त्यांचाच जावई गेरहार्ड आर्मौअर हान्सेन याने नोंदवह्यांतली घराणी आणि गावं तपासली आणि सासऱ्याचं म्हणणं त्याला पटेना. १८७३ मध्ये रुग्णाच्या गाठीतल्या पेशींमध्ये त्याला काडीच्या आकाराचे जंतू दिसले. माणसाच्या दीर्घकालीन रोगामागे जंतू असतो असं दाखवणाऱ्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक. कॉखचा क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

पुढची गोष्ट संग्रहालय झाकून ठेवत नाही, हे मला आवडलं. जंतूनेच रोग होतो हे सिद्ध करण्याच्या धडपडीत हान्सेनने १८७९ मध्ये एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाचा स्राव टोचला. बाईने तक्रार केली. १८८० मध्ये खटला उभा राहिला आणि हान्सेनची रुग्णालयातली जागा गेली. संमतीशिवाय प्रयोग केला म्हणून एका नावाजलेल्या डॉक्टरला त्या काळी, एका गरीब, आजारी बाईच्या शब्दावर, कोर्टाने दोषी धरलं. देशाच्या कुष्ठरोग विभागाचा प्रमुख म्हणून तो राहिला, पण त्याच्या चरित्रातून ती बाई कुणी पुसली नाही.

नवीन पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन लागतं. ती पाटी मी किती वेळा पाहिली असेल! आपल्याकडे हा रोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालली. घरची माणसं रात्री अंधारात रुग्णाला सोडून जात. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हा लढाई जंतूपेक्षा त्या समजुतीशी जास्त होती. पण पाप की जंतू, हा निकाल आधी बर्गनमध्ये एका सूक्ष्मदर्शकाखाली लागला होता. संग्रहालय वर्षभर उघडं नसतं. वेळा पाहूनच जावं. आणि वेळ नसेल तर टेकडीवरची फेरी रद्द करावी, हे नाही.

बंदराच्या तोंडाशी जुना किल्ला आहे. त्यात होकोन राजाचं १२६१ चं दगडी सभागृह आणि शेजारी रोझेनक्रांत्झ मनोरा. दोन्ही जुने दिसतात, पण त्यांतला बराच भाग नव्याने बांधलेला आहे. २० एप्रिल १९४४ च्या सकाळी फोरबोडे नावाचं डच जहाज किल्ल्यासमोर उभं होतं. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. जहाजात शंभर टनांहून अधिक स्फोटकं. ती उडाली. दीडशेहून अधिक माणसं मेली, हजारो जखमी झाली, सभागृहाचं छप्पर उडालं. जहाजाचा नांगर तीनेक किलोमीटरवरच्या सांद्विक डोंगरावर जाऊन पडला आणि अजून तिथेच ठेवलाय.

तारीख वाचताच नवरा थबकला. गोदीत नोकरी केलेल्या माणसाला १४ एप्रिल १९४४ सांगावा लागत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, त्यात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. आठशेवर माणसं गेली, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण. त्यांच्या स्मरणार्थ आपल्याकडे १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या सप्ताहाच्या शेवटच्या तारखेलाच बर्गन उडालं, तेही त्याच वर्षी. दोन्हीकडे घातपाताची शंका बरीच वर्षं घोळत राहिली; दोन्हीकडे कारण अपघातच मानलं जातं. युद्धकाळात दारूगोळा भरलेलं जहाज भर वस्तीच्या बंदरात आणायचं, ही बेपर्वाई दोस्तांनी केली आणि शत्रूंनीही. नांगर पाहायला आम्ही डोंगर चढलो. गंजलेला, एक फाळ जमिनीत, खाली सगळं बंदर. चढ दमवणारा आहे, पण करावा.

बाकीचं भराभर. फ्लोयेन टेकडीवर १९१८ पासून दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे चालते. वरचं स्टेशन ३२० मीटरवर, म्हणजे आपल्या कर्नाळ्याइतकीही उंची नाही. दृश्य सुंदर आहे. वर शेळ्या मोकळ्या हिंडतात आणि पर्यटकांच्या पिशव्या हुंगतात. जाताना तिकीट काढावं, येताना झाडीतून पायी उतरावं.

फिस्कतोर्गे हा मासळी बाजार नावापुरता बाजार उरलाय. तिथे गावातली बाई मासे घ्यायला येताना मला तरी दिसली नाही. खेकड्याच्या तंगड्या, देवमाशाचं मांस आणि पर्यटकाला घाम फोडणारे भाव. मत्स्यसार घ्यावं, दुधाळ आणि किंचित आंबटसर असतं. दोनशे क्रोनरच्या आसपास पडतं आणि एका क्रोनला आठ-नऊ रुपये मोजून हिशेब करू नये, घास उतरत नाही. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि सुपरमार्केटवर भिस्त ठेवावी. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच भरून ठेवावं. नळाचं पाणी बेलाशक प्यावं. ब्रूनोस्त नावाचं तपकिरी चीज न घाबरता खावं. दुधाचं पाणी आटवत आटवत करतात आणि चव थेट बासुंदीच्या पातेल्याच्या खरवडीची.

मोठ्या क्रूझ जहाजांची गर्दी हा बर्गनचा अलीकडचा त्रास आहे. दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवासी एवढीच मर्यादा शहराने घातली, तरी ते एकदम उतरले की ब्रिगेनच्या बोळात शिरता येत नाही. बंदरात कोणती जहाजं कधी येणार, हे आधी कळतं. ते पाहून सकाळी आठच्या आत किंवा जेवणानंतर जावं. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, त्यामुळे जेवणानंतर म्हणजे लख्ख उजेडातच. पाऊस सर्वांत कमी मे महिन्यात. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिन. सगळं गाव पारंपरिक पोशाखात रस्त्यावर येतं, पण हॉटेलंही दुप्पट महागतात.

परतताना विमान टाळून ओस्लोची रेल्वे धरावी. जवळपास पाचशे किलोमीटर, सात तास, १९०९ पासून सुरू. कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्या माणसाला बोगद्यांचं नवल राहिलेलं नसतं, पण इथली गाडी समुद्रसपाटीवरून निघून १२२२ मीटरवरच्या फिन्सेला चढते, जिथे जूनमध्येही बर्फ असतं आणि गाडीशिवाय पोहोचायला मोटाररस्ता नाही. तिथे गाडी जरा थांबते आणि सगळा डबा बर्फावर पाय ठेवायला खाली उतरतो. आम्हीही उतरलो. गाडी हलायच्या सूचनेला नॉर्वेजियन मंडळी आरामात सिगारेटी विझवत होती; लोकलच्या सवयीने आम्ही दोघं तोवर आत चढून, जागा धरून, पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो.